भोंगा वाजल्यावर सूत्रे कोणाच्या हाती?

शहरातील कारखान्यात आग लागली तर थोड्याच वेळात अग्निशामक बंब दाराशी येतो. पाठोपाठ रुग्णवाहिका येते, पोलीस येतात. समुद्रातील तेलफलाट, सह्याद्रीच्या पोटातील वीजगृह, घाटातील बोगद्याचे काम, जंगलातील खाण किंवा डोंगरावरील आश्रमशाळा यांचे तसे नसते. तेथे बाहेरची मदत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. पावसाळ्यात रस्ता खचला किंवा ओढ्याला पूर आला, तर दिवसही उलटतो. तोपर्यंत जे काही करावयाचे ते तेथे हजर असलेल्या माणसांनाच करावे लागते. म्हणूनच अशा दुर्गम कामाच्या ठिकाणी आपत्तीच्या सरावाचे, अर्थात रंगीत तालमीचे, महत्त्व शहरातील कारखान्यापेक्षा अधिक आहे.

सराव बहुतेक ठिकाणी होतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो; माणसे हातातील काम ठेवून मोकळ्या जागेत जमतात; हजेरी होते; एखादे अग्निशामक नळकांडे वापरून दाखविले जाते आणि अहवाल फाइलीत लावला जातो. या सर्व खटाटोपात एक गोष्ट मात्र बहुधा तपासली जात नाही. भोंगा वाजल्यापासून पहिल्या काही मिनिटांत सूत्रे कोणी हाती घेतली, कोणत्या अधिकाराने घेतली आणि इतरांनी ती मान्य केली काय, ही ती गोष्ट होय. प्रत्यक्ष आपत्तीत माणसांचे प्राण वाचणे वा न वाचणे पुष्कळदा यावरच अवलंबून असते. याची साक्ष देणाऱ्या दोन घटना समुद्रातील तेलफलाटांवर घडल्या. त्यांपैकी एक परदेशातील आहे, तर दुसरी महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरची.

पायपर अल्फाचा धडा

स्कॉटलंडमधील ॲबरडीन शहराच्या ईशान्येस सुमारे १९० किलोमीटर अंतरावर, उत्तर समुद्रात, पायपर अल्फा नावाचा तेल व वायू उत्पादनाचा फलाट होता. ६ जुलै १९८८ रोजी त्यावर २२६ माणसे होती. त्या दिवशी वायुद्रव खेचणाऱ्या दोन पंपांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होता. त्याची सुरक्षा-झडप काढून तेथे तात्पुरते झाकण बसविले होते. संध्याकाळी पाळी बदलली. परंतु झडप काढल्याची माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा दुरुस्तीतील पंप सुरू करण्यात आला. झाकणातून वायू गळला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. सुमारे वीस मिनिटांनी शेजारच्या टार्टन फलाटाकडून येणारी वायुवाहिनी फुटली आणि आगीने सारा फलाट व्यापला. या दुर्घटनेत १६७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बचावासाठी आलेल्या नौकेवरील दोघे होते. फलाटावरील केवळ ६१ जण वाचले.

ब्रिटिश सरकारने लॉर्ड कलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. नोव्हेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी १०६ शिफारशी केल्या आणि त्या सर्व स्वीकारल्या गेल्या. गळती कशी झाली, याचा शोध तर या अहवालात आहेच. परंतु सर्वसाधारण वाचकाला अधिक अंतर्मुख करणारा भाग त्यानंतरच्या घडामोडींचा आहे. नियंत्रण कक्ष आणि बिनतारी कक्ष पहिल्या काही मिनिटांतच निकामी झाले. कर्मचारी शिकविल्याप्रमाणे निवासी भागात जमले आणि हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबले. धूर व ज्वाळांमुळे हेलिकॉप्टर उतरणे शक्य नव्हते. तरीही निवासी भागातून माणसांना पद्धतशीरपणे बाहेर काढण्याचा प्रयत्न फलाटप्रमुखाकडून झाला नाही. जे वाचले त्यांतील पुष्कळांनी स्वतःच्या विचाराने बाहेरची वाट धरली. कोणी दोरांवरून खाली उतरले, तर कोणी उंचावरून समुद्रात उड्या घेतल्या. प्रमुखाने पुढाकार घेऊन माणसे बाहेर काढली असती, तर निवासी भागातील प्राणहानी पुष्कळच कमी झाली असती, असा निष्कर्ष लॉर्ड कलन यांनी नोंदविला.

शेजारच्या फलाटांवर काय घडले, हेही तितकेच बोधप्रद आहे. क्लेमोर व टार्टन या फलाटांच्या वाहिन्या पायपरला जोडलेल्या होत्या. पायपरवरील आग तेथून दिसत होती. असे असूनही क्लेमोरवरील तेलाचे उत्पादन सुमारे तासभर चालूच राहिले. उत्पादन थांबविणे ही मोठ्या आर्थिक हानीची बाब असते, आणि असा निर्णय किनाऱ्यावरील वरिष्ठांशी बोलल्यावाचून कसा घ्यावा, हा प्रश्न तेथील प्रमुखापुढे होता. या फलाटप्रमुखांना शेजारच्या फलाटावरील संकटास कसे तोंड द्यावे याचे शिक्षण मिळालेले नव्हते. पायपरवरही आपत्तीचे सराव ठरवून दिल्याइतक्या वेळा झालेले नव्हते. सारांश, यंत्रात बिघाड झाला तो एका रात्री. निर्णय घेण्याची सवय मात्र त्याआधी कधी लावलीच गेली नव्हती.

या दुर्घटनेनंतर फलाटप्रमुखाच्या निवडीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोपर्यंत उत्पादनाचा दीर्घ अनुभव हीच या पदाची मुख्य कसोटी मानली जाई. ॲबरडीन येथील मानसशास्त्रज्ञ रोना फ्लिन यांनी या विषयाचा अभ्यास करून, संकटकाळी सूत्रे सांभाळण्याची क्षमता हे वेगळे कौशल्य असून ते शिकविता येते व तपासताही येते, हे मांडले. पुढे तेथे फलाटप्रमुखांना कृत्रिम नियंत्रण कक्षात बसवून, एकापाठोपाठ एक संकटे समोर ठेवून, त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत रूढ झाली.

मुंबई हाय : २७ जुलै २००५

दुसरी घटना अरबी समुद्रातील आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि महानगर ठप्प झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील मुंबई हाय उत्तर या फलाटसंकुलाजवळ एका साहाय्यक नौकेवरील स्वयंपाक्याच्या बोटांना दुखापत झाली. हवामानामुळे हेलिकॉप्टरची सोय नव्हती. त्यामुळे त्याला नौकेवरून फलाटावर चढवून उपचार देण्याचे ठरले. समुद्र खवळलेला होता. हे काम चालू असताना नौकेच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि ती फलाटाजवळील, तेल व वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळांवर आदळली. वायूने पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत उत्पादनाचा मुख्य फलाट नष्ट झाला. फलाट, नौका आणि लगतच्या विहीर खोदणाऱ्या संचावर मिळून ३८४ माणसे होती. त्यांपैकी २२ जण दगावले, तर ३६२ जणांचे प्राण वाचले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, मोठ्या संकटाची सुरुवात पुष्कळदा लहान घटनेतून होते. जखमी माणसाला हलविणे हाही एक आपत्कालीन निर्णय असतो. तो आताच घ्यावयाचा की समुद्र शांत होण्याची वाट पाहावयाची, कोणत्या बाजूने जवळ यावयाचे, कोणत्या क्षणी काम थांबवून मागे फिरावयाचे, हे सांगणारा एक निश्चित माणूस असावा लागतो. दुसरी गोष्ट ही की, किनाऱ्यावरील महानगरच संकटात असताना समुद्रातील माणसांना प्रथम एकमेकांच्या व आसपासच्या नौकांच्या आधारावरच राहावे लागले. दुर्गम ठिकाणच्या प्रत्येक कार्यप्रमुखाने हे गृहीत धरूनच सराव आखावयास हवा.

सूत्रे हाती घेणे म्हणजे काय?

हा विषय नेमका लक्षात यावा म्हणून एक काल्पनिक सराव पाहू. आषाढातील रात्र आहे. सह्याद्रीतील एका भूमिगत वीजगृहात रात्रपाळी चालू आहे. बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे एक लांब बोगदा. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, कोणालाही आगाऊ कल्पना न देता, निरीक्षक सांगतो की केबलच्या दालनात धूर दिसत आहे, आणि भोंगा वाजतो.

पाळीप्रमुख अभियंत्याची पहिली ओढ धुराकडे धावण्याची असते. तो कर्तबगार असतो, यंत्राची नस न् नस जाणतो आणि आग आपणच विझवावी असे त्याला वाटते. नेमकी हीच चूक टाळावयाची असते. प्रमुख धुराकडे गेला की नियंत्रण कक्षात दूरध्वनी उचलण्यास, माणसे मोजण्यास आणि पुढचा विचार करण्यास कोणी उरत नाही. म्हणून त्याने आपली जागा न सोडता दोघांना पाहणीसाठी पाठवावयाचे आणि ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट शब्दांत जाहीर करावयाचे : “हा सराव आहे. केबल दालनात धूर आहे. या क्षणापासून सूत्रे माझ्याकडे आहेत. सर्वांनी दोन नंबरच्या जागी जमावे.” हे एक वाक्य साधे दिसते, परंतु ते उच्चारले गेले नाही तर पुढची दहा मिनिटे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहत नाही.

त्यानंतरचे काम माणसे मोजण्याचे. नोंदवहीत २८ नावे आहेत आणि जमली आहेत २६. दोघे कोठे आहेत? एवढ्यात लक्षात येते की ठेकेदाराकडील तिघे रंगकाम करणारे मजूर दुपारपासून खालच्या मजल्यावर आहेत आणि त्यांची नावे नोंदवहीत नाहीतच. म्हणजे शोधावयाची माणसे दोन नसून पाच आहेत. सराव घेतला नसता तर ही उणीव खऱ्या आगीच्या रात्रीच उघडी पडली असती. आत येणाऱ्या प्रत्येकाचे नाव दाराशीच नोंदले जावे आणि बाहेर जाताना खोडले जावे, ही शिस्त अशा एका सरावातून कायमची लागू शकते.

आता निर्णयाचा क्षण येतो. माणसे मुख्य बोगद्याने बाहेर काढावयाची की पर्यायी वाटेने? हवा खेळविणारे पंखे चालू ठेवावयाचे की बंद करावयाचे? जनित्रे थांबवावयाची काय? माहिती अपुरी असते. पाहणीस गेलेल्या दोघांचा निरोप अर्धवट ऐकू आलेला असतो. पूर्ण माहिती हाती येईपर्यंत थांबणारा प्रमुख बहुधा फार उशीर करतो. उलट, हाती असलेल्या माहितीवर निर्णय घेऊन “पाच मिनिटांनी पुन्हा आढावा घेऊ” असे सांगणारा प्रमुख आपली चूक वेळेत सुधारू शकतो. दिलेला प्रत्येक आदेश ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावा. “पंखे बंद कर” हा आदेश “पंखे बंद करतो” अशा उत्तरासह परत आला, म्हणजे तो पोहोचला याची खात्री पटते. कोणी तरी एकाने घड्याळ पाहून प्रत्येक आदेशाची वेळ लिहून ठेवावी. ही टिपणे पुढील चर्चेत फार उपयोगी पडतात.

याच वेळी निरीक्षक पाळीप्रमुखाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “तुम्ही बेशुद्ध आहात. आता बोलावयाचे नाही.” सरावाचा हा सर्वांत मोलाचा भाग होय. क्षणभर शांतता पसरते. मग दोघे एकदम बोलू लागतात. एक बोगद्याकडे चला म्हणतो, तर दुसरा थांबा म्हणतो. प्रमुखानंतर कोण, हे कागदावर लिहिलेले असते, पण ते कोणाच्या तोंडात बसलेले नसते. अशा वेळी क्रमाने दुसऱ्याने “आता सूत्रे माझ्याकडे आहेत” असे म्हणणे आणि तिसऱ्याने आपला मुद्दा बाजूला ठेवून त्याचे ऐकणे, या दोन्ही गोष्टींचा सराव लागतो. ऐकणाराही या शिस्तीचा तितकाच भागीदार असतो.

अधिकार आधी द्यावा लागतो

पुष्कळदा माणूस पुढे होत नाही तो भित्रा असतो म्हणून नव्हे. उद्या काम बंद पाडल्याचे खापर आपल्या माथी फुटेल, अशी भीती त्याला वाटत असते. क्लेमोरच्या प्रमुखापुढील पेच हाच होता. यावर उपाय एकच : अधिकार आधीच, लेखी आणि निःसंदिग्ध शब्दांत द्यावा. धोका दिसताच पाळीवरील प्रमुख कोणाचीही परवानगी न घेता यंत्र थांबवू शकेल, माणसे बाहेर काढू शकेल आणि सद्‌भावनेने घेतलेल्या अशा निर्णयाबद्दल, तो अनावश्यक ठरला तरी, त्याला दोष दिला जाणार नाही, असा आदेश वरिष्ठ कार्यालयाने काढावा आणि तो सर्वांना वाचून दाखवावा. पुढे सरावात तो अधिकार वापरावयास लावावा. सरावात वरिष्ठ अधिकारी स्वतः हजर असले तर त्यांनी मधे बोलण्याचा मोह आवरावा. साहेब आले की सूत्रे आपोआप साहेबांकडे जातात, आणि संकटाच्या रात्री साहेब तेथे नसतात.

ही तत्त्वे देशाच्या नियमांतही उतरली आहेत. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार, ज्यांना ते लागू आहेत अशा कारखान्यांना आपत्कालीन योजना तयार ठेवून तिचा सराव दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजेच पंचायतींवरही, आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. घटनास्थळी एकच प्रमुख असावा, प्रत्येकाने एकाच वरिष्ठाला उत्तरदायी असावे आणि एका प्रमुखाच्या थेट देखरेखीखाली साधारणतः पाच माणसे असावीत, हे त्यांतील मूळ सूत्र आहे. बारभाईचा कारभार आपत्तीत चालत नाही, हेच त्याचे मराठी सार.

शाळा व गावासाठी

दुर्गम भागातील आश्रमशाळेत रात्री शे-दोनशे मुले झोपलेली असतात आणि त्यांच्यासोबत मोजकी मोठी माणसे असतात. मुख्याध्यापक गावाला गेले असतील तर त्या रात्री प्रमुख कोण, हे संध्याकाळच्या हजेरीच्या वेळीच फळ्यावर लिहिले जावे. प्रत्येक खोलीतील एका मोठ्या मुलाकडे त्या खोलीतील मुले मोजण्याचे काम द्यावे. वर्षातून निदान एक सराव रात्री, दिवे बंद असताना घ्यावा. दिवसा सरळ वाटणारा जिना अंधारात किती अडचणीचा असतो आणि मागच्या दाराला कुलूप असते काय, हे त्याशिवाय कळत नाही. पंचायतीने पावसाळ्यापूर्वी सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि आरोग्यसेविका यांना एकत्र बसवून, दरड किंवा पुराच्या वेळी पहिला निर्णय कोणाचा, तो हजर नसल्यास कोणाचा, हे ठरवावे आणि एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहावे.

सरावानंतरची चर्चा हाही सरावाचाच भाग होय. सर्व काही सुरळीत पार पडले असे लिहिणारा अहवाल बहुधा निरुपयोगी असतो. पहिला आदेश किती मिनिटांनी निघाला, माणसांची संख्या केव्हा जुळली, कोणता निरोप पोहोचला नाही, सूत्रे दुसऱ्याकडे जाताना किती वेळ वाया गेला, ही चार उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली तरी पुरे. चुकणाऱ्याचा पाणउतारा मात्र होऊ नये. सरावात चूक केल्याबद्दल ज्याची हेटाळणी झाली, तो प्रत्यक्ष प्रसंगी पुढे होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा येथील बोगदा कोसळून ४१ कामगार आत अडकले आणि १७ दिवसांनी ते सर्व सुखरूप बाहेर आले. बाहेर अनेक यंत्रणा झटत होत्या. आत मात्र त्यांच्यातीलच अनुभवी माणसांनी पुढाकार घेऊन सोबत्यांना चालते-फिरते ठेवले आणि त्यांचे मनोधैर्य टिकविले. संकटात असा माणूस पुढे येतो, हे आपले भाग्य. परंतु केवळ भाग्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. पुढच्या सरावाच्या दिवशी भोंगा वाजण्यापूर्वी प्रत्येक कार्यप्रमुखाने, मुख्याध्यापकाने आणि सरपंचाने आपल्या सहकाऱ्यांना एवढेच विचारावे : आज मी येथे नसलो तर सूत्रे कोण घेईल? उत्तरादाखल सर्वांनी एकच नाव सांगितले, तर तयारीचा पाया घातला गेला असे समजावे. निरनिराळी नावे आली, तर सरावाची सुरुवात तेथूनच करावी.